कुकर शॉटमध्ये आहे

मंडळी, एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो: माझ्या ताब्यातून वस्तू हरवत नाही! उभी नोकरी मी कारखान्याच्या भांडारात काढली. तिथून सहीशिवाय साधा खिळा बाहेर गेला नाही. एकदा मोठे साहेब स्वतः आले, "जरा एक पाना दे रे," म्हणाले. मी चिठ्ठी पुढे केली. साहेब लालबुंद झाले, पण सही करून गेले! माणसांचा हिशेबही मी भांडाराच्या त्या खिडकीतच शिकलो. जगात माणसं दोनच प्रकारची. एक, नेलेली वस्तू परत आणणारी. आणि दुसरी, "कुठली हो वस्तू?" असं उलट आपल्यालाच विचारणारी. पहिल्या प्रकारातली मला अजून फारशी भेटलेली नाहीत.

असा हा कडक माणूस एका सकाळीच लोण्यासारखा पाघळला. कारण आमची भाची.

तिला आम्ही टिल्ली म्हणतो. नाव पाळण्यात असताना पडलं. आता ती आमच्या दारातून मान वाकवून आत येते, पण नाव काही वाढलं नाही. टिल्ली सिनेमा शिकते. म्हणजे नक्की काय शिकते, ते तिच्या वडिलांना, आमच्या मेव्हण्यांना, अजून कळलेलं नाही. त्यांचं फरश्यांचं दुकान आहे. ज्या गोष्टीवर उभं राहता येत नाही, त्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही! त्यांनी लेकीला बजावून ठेवलं होतं, "शेवटचा सिनेमा पास झाला तर ठीक. नाहीतर मुकाट्यानं दुकानात यायचं. आणि गल्ल्यावर नाही बसवणार, गोदामात उभी करीन!"

तर त्या सकाळी टिल्ली रडवेली होऊन दारात उभी. मागे तिचे तीन सवंगडी, खांद्यावर पोतंभर सामान. ज्या घरात चित्रीकरण ठरलं होतं, त्या घरमालकानं ऐन वेळी कुलूप लावून गाव गाठलं होतं. आणि कॅमेरा तिच्या शाळेचा, एकाच दिवसापुरता मिळालेला. संध्याकाळी सहाच्या आत परत!

"मामा, आजचा दिवस तुझं घर वापरू?"

"घर काय, घरातली हवी ती वस्तू वापर! काढून द्यायला मी बसलोय ना! गोष्ट काय आहे तुझी?"

"एक म्हातारा असतो. एकटा. बायको गेलेली. तो घरातल्याच वस्तू जोडून एक यंत्र बनवतो."

"कशासाठी?"

"त्यातून तिचा आवाज ऐकू येईल म्हणून."

गोष्ट बरी वाटली मला. "आणि म्हातारा कोण?"

"साठी उलटलेला, जरा पोक आलेला, शर्टाची बटणं वरखाली लावणारा..." असं म्हणत टिल्ली माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे तिघे सवंगडीही बघायला लागले. मी हळूच मान खाली घालून पाहिलं. बटणं वरखाली होती!

झालं. नायकही मीच, पुरवठा विभागही मीच. आमची ही बाजारात गेली होती. मी स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं आणि माल काढायला सुरुवात केली. कुकर, मिक्सर, पिठाची चाळणी, इस्त्री, हिचा वजनकाटा, मला सर्दीत वाफ देणारं ते डबडं, सगळं! पोरांनी ते जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि रबरी नळ्यांनी एकमेकांना जोडलं. चाळणी झाली आवाज पकडणारी तबकडी, कुकर झाला बॉयलर. वजनकाट्यावर म्हणे आठवणींचं वजन व्हायचं होतं. बिचारी भांडी अतिदक्षता विभागात ठेवल्यासारखी दिसायला लागली.

माल सुटला, नळ्या लागल्या, आणि एक बारीकशी बाब माझ्या ध्यानातच आली नाही. हे भांडार माझं नव्हतं. इथे सही हिची चालते!

आता त्या तिघा सवंगड्यांची ओळख करून देतो. कॅमेरावाल्याचा एक डोळा कायम मिटलेला, म्हणून त्याला मी डोळा म्हणायला लागलो. आवाजवाल्याच्या डोक्यावर चोवीस तास हेडफोन, तो कान. आणि तिसरी एक हडकुळी मुलगी, तिचं नाव मी ठेवलं जैसेथे. तिचं कामच तसं! एकदा का वस्तू शॉटमध्ये दिसली, की पुढच्या शॉटमध्येही ती तिथेच, तश्शीच दिसली पाहिजे. नाहीतर पडद्यावर म्हाताऱ्याचा चहाचा कप घटकेत डावीकडे, घटकेत उजवीकडे उड्या मारतो म्हणे. त्यामुळे ही मुलगी फोनवर प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून ठेवायची आणि कुणी काही हलवलं की किंचाळायची, "जैसे थे!"

मी टेबलावरच्या चहाचा एक घोट घेतला.

"जैसे थे!"

"अगं, चहा माझा आहे!"

"काका, तो आता सिनेमाचा आहे. कप काठोकाठ होता. भरा परत!"

मी भरला. माझ्या घरात माझाच चहा जप्त! मग कानाची पाळी आली. त्याला पंख्याचा आवाज चालेना, पंखा बंद. फ्रिज घोंघावतो, फ्रिज बंद. घड्याळ टिकटिकतं, त्याचे सेल काढले. दारावरची घंटा मुकी केली. मला म्हणाला, "काका, श्वास जरा नाकातल्या नाकात घ्या."

एवढ्यावर भागेना! टिल्लीला घर फार नीटनेटकं वाटलं. "मामा, हा माणूस वर्षानुवर्षं एकटा आहे. धूळ पाहिजे!" मी पिठाचा डबा दिला. पोरांनी मुठीमुठीनं कपाटांवर, खुर्च्यांवर, आरशावर पीठ भुरभुरलं. मग कापूस ओढून ओढून कोपऱ्या-कोपऱ्यात जाळी लटकवली. बघता बघता माझं राहतं घर असं दिसायला लागलं, की मलाच वाटलं, अरेरे, कोण राहत होतं इथे?

नेमकी तेव्हाच ही आली.

दोन्ही हातांत पिशव्या, आणि दारात पुतळा! तिनं आधी घराचा नंबर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पिठानं माखलेला, गळ्यात नळी. घराची खात्री पटली.

"अहो, हे काय?"

"टिल्लीचा सिनेमा आहे. तू काळजी करू नकोस, सगळं माझ्या देखरेखीखाली आहे."

"त्याचीच तर काळजी! कुकर कुठे आहे? ऊन डोक्यावर आलं."

"हा काय समोर."

"मग द्या इकडे."

"देता येणार नाही. कुकर शॉटमध्ये आहे."

"कशात आहे?"

"मामी," टिल्ली गयावया करत म्हणाली, "शेवटच्या शॉटपर्यंत त्याला हात नाही लावता येणार गं."

"बरं. चाळणी?"

"तीही शॉटमध्ये."

"इस्त्री?"

"तीसुद्धा," मी म्हणालो. "आणि मीही शॉटमध्ये आहे."

"तुम्ही राहा तिथेच! कुकर तेवढा सोडवा!"

कुकर काही सुटला नाही. हिनं पिशव्या खाली ठेवल्या, आणि तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे कापसाचं एक सुरेख जाळं लोंबत होतं.

"ही जाळी?"

"खोटी आहेत मामी!"

"आणि ही धूळ?"

"पीठ आहे नुसतं!"

"पडद्यावर काय दिसणार?"

"धूळ! एकदम खरी!" टिल्ली अभिमानानं म्हणाली. पोरगी शिकलेली, पण माणसं वाचायला अजून वेळ आहे.

"आणि सिनेमा बघणार कोण कोण?"

"सगळे! आमचे सर, पाहुणे, बाबा, आई..."

आई! इथे हिचा चेहरा उतरला. टिल्लीची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. बाई मनानं निर्मळ हो. फक्त एक सवय आहे. कुणाच्याही घरी गेली, की बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवते आणि मग त्या बोटाकडे बघते. बोलत काही नाही! बोलली असती तर हिला उत्तर तरी देता आलं असतं. लग्न झाल्यापासून ही त्या न बोललेल्या वाक्याला उत्तर शोधते आहे.

"तुमची बहीण," ही मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाली, "पडदाभर जाळी बघणार! माझ्या घरात! तिचं बोट तरी पुरेल का हो?"

"अगं, गोष्ट आहे ती!"

"गोष्ट तुमच्या भाचीची. भिंती माझ्या!"

आता इथे थांबून मी तिला सांगायला हवं होतं, की या सिनेमावर टिल्लीचं सगळं अडकलं आहे, नापास झाली तर पोर फरश्यांच्या गोदामात जाईल. पण डोळा "काका, उजेड चांगला आहे!" म्हणून ओरडला आणि मी नायकाच्या तोऱ्यात टेबलापाशी जाऊन बसलो. शॉट सोपा होता. म्हाताऱ्यानं यंत्र चालवून चालवून थकायचं, आवाज येत नाही म्हणून हताश व्हायचं आणि कुकरशेजारी डोकं टेकून झोपी जायचं. हताश व्हायला मला बरेच प्रयत्न करावे लागले. झोप मात्र पहिल्याच फटक्यात जमली. कानानं मला हलवून उठवलं. म्हणाला, "घोरणं छान आलंय काका!"

मग सुट्टी झाली. चूल बंद, तेव्हा पोरं कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा-पाव खायला निघाली. नायक म्हणून मलाही नेलं. मी हिला विचारलं, "येतेस का?"

"नको. मला काही भूक नाही. तुम्ही या सावकाश."

सावकाश! नवरे मंडळी, हा शब्द ऐकला की ताबडतोब मागे फिरत जा. मी दुसरा पाव मागवला.

परत येताना जिन्यातच शिट्टी ऐकू आली. टिल्ली जागीच थबकली.

"मामा, कुणाचा कुकर?"

"शेजारच्यांचा असेल," मी म्हणालो. पण मंडळी, माणूस बायकोचा खोकला ओळखतो, तसा घरचा कुकर ओळखतो.

दार उघडलं. आत लख्ख! जाळी गेली, धूळ गेली, आरशात माझं तोंड दिसायला लागलं. कप धुऊन पालथे घातलेले. चाळणी खिळ्याला, इस्त्री कपाटात, मिक्सर ओट्यावर. टेबलावर धुतलेलं कापड आणि वर मांडलेली ताटं. कुकर गॅसवर, फुसफुसत! नळ्या कुठे आहेत म्हणून डोळ्यानं विचारलं, तर त्या कचऱ्याच्या गाडीबरोबर गावाबाहेर पोचल्या होत्या. जैसेथेनं एकदा फोनमधला फोटो पाहिला, एकदा खोली पाहिली. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. बिचारी ओरडणार तरी कशाकशाला!

"बसा रे पोरांनो," ही पदर खोचून म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. टपरीवरच्या पावावर का दिवस निघतो? वाढतेच आता."

कुणी बसलं नाही. फक्त टिल्ली भिंतीला पाठ लावून हळूहळू घसरत खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही. समोर बघत एवढंच म्हणाली, "फरश्या."

"काय गं? काय झालं?" ही घाबरली. तेव्हा कुठे मी सगळं सांगितलं. सिनेमा, मेव्हणे, गोदाम, सहा वाजता परत जाणारा कॅमेरा. ऐकता ऐकता हिच्या हातातला डाव खाली पडला.

"हे मला आत्ता सांगताय? पोरीचं नुकसान माझ्या हातून करवलंत! आणा ते पीठ इकडे! मी करते परत धूळ! कापूस आणा!" आणि तिनं खरोखरच मूठभर पीठ घेऊन आरशावर फेकलं. जी बाई पाहुणे येणार म्हटलं की बल्बसुद्धा पुसते, ती बाई! पण धूळ करून काय होणार? यंत्राचा तर मागमूस उरला नव्हता. त्याचा बॉयलर गॅसवर शिजत होता.

तेवढ्यात कान खिडकीपाशी गेला. त्याचं आवाज पकडायचं यंत्र तिथेच राहिलं होतं आणि त्यावरचा लाल दिवा चालू होता. बाहेर जाताना पठ्ठ्या बंद करायला विसरला होता! त्यानं सवयीनं हेडफोन लावला. थोडा वेळ ऐकलं. मग हेडफोन काढून टिल्लीच्या कानावर ठेवला. टिल्लीचे डोळे हळूहळू मोठे व्हायला लागले. मग तिनं तो मला दिला.

आत आमची ही होती. एकटीच, आवरता आवरता बोलत होती.

"काय दशा केलीय घराची... चला, उठा चाळणीबाई, ही काय तुमची जागा? आणि हा टॉवेल! ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून सांगून जन्म गेला... चष्मा बघा कुठे काढून ठेवलाय, साखरेच्या डब्यावर! आता घरभर शोधतील. मी नसले ना, तर या माणसाचं काही खरं नाही... असू दे. इथे उशाशी ठेवते. इथे ठेवला की सापडतो त्यांना."

मी हेडफोन काढला. माझ्या डोळ्यांत पीठ गेलं होतं. दुसरं काही समजू नका.

टिल्ली ताडकन उभी राहिली. "मामा, परत झोप!"

"आत्ता? जेवणाआधी?"

"अरे, सुट्टीआधीचा शॉट काय होता? तू यंत्राजवळ झोपलास. बरोबर? आता तू जागा होतोस. यंत्र नाही! घर लख्ख! कुकर वाजतोय! ती आली होती मामा! आली, सगळं आवरलं आणि गेली!"

मग ही म्हणाली, "थांब. म्हणजे मी मेले?"

"सिनेमात गं मामी."

"आणि मेल्यावरसुद्धा घर मीच आवरायचं?"

"हो..."

"आणि घर असंच दिसणार? असं लख्ख?"

"आरशासारखं!"

हिनं आरशावरचं पीठ पुसायला फडकं उचललं. "मग मेले तर मेले! घ्या तुमचा कॅमेरा!"

ताटं उचलली, खुर्ची होती तिथे आणली, माझं डोकं होतं तसं टेकवलं. जैसेथे फोटो बघून माझे केस पूर्वीसारखे विस्कटून गेली. सगळं तयार, आणि कुकर गप्प! इतका वेळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देणारा कुकर कॅमेरा लागताच नव्या सुनेसारखा लाजला. आम्ही सगळे श्वास रोखून त्याच्याकडे बघतोय, तो ढिम्म! डोळा थकून "कट" म्हणाला आणि कुकरनं शिट्टी मारली. परत कॅमेरा, परत गप्प. परत कट, परत शिट्टी! खिडकीतला उजेड पिवळा पडत चालला. टिल्ली नखं खायला लागली.

"असं टक लावून बसल्यावर कुठे शिट्टी होते का?" ही शेवटी कडाडली. "सगळ्यांनी तोंडं फिरवा! डोळ्या, तूसुद्धा!"

सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कॅमेरा एकटाच चालू. मी डोकं टेकून पडलो, आणि खरं सांगतो, डुलकी लागली. एकाएकी अशी शिट्टी झाली, की मी दचकून उठलो. समोर चकचकीत घर, हातात डाव घेऊन माझ्याकडे रोखून बघणारी ही! माझ्या चेहऱ्यावर जे काय उमटलं ते उमटलं.

"मिळालं!" टिल्ली ओरडली. ही कॅमेऱ्याच्या मागे उभी होती, म्हणून सिनेमात दिसली नाही. तिथे फक्त माझा चेहरा आहे. डोळा कॅमेरा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून जिना उतरला आणि वेळेत पोचला. कुकरमधल्याचा तोवर पार लगदा झाला होता. उरलेल्या पोरांनी तो चाटूनपुसून खाल्ला, डोळ्याचा वाटा डब्यात गेला.

सिनेमा दाखवला त्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. अंधारात हिचा आवाज घुमला, "ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून सांगून जन्म गेला," आणि मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला! टिल्ली पास झाली, तेही शाबासकीसह. मेव्हण्यांनी बराच वेळ नाक शिंकरलं आणि म्हणाले, "तसंही, गोदामात सध्या जागा नाही." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच! बहिणीनं हिचे दोन्ही हात धरले. "वहिनी, सुरुवातीचं घर काय खरं वाटलं हो! अगदी डोळ्यांसमोर तुमचंच घर आलं!" ही हसली. कशी हसली ते मी इथे लिहीत नाही.

बाहेर चहा होता. तिथे एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले. परीक्षक म्हणून आलेले मोठे कॅमेरामन होते म्हणे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे ओले.

"असं काम अभिनयानं होत नाही. ज्याचं जातं त्यालाच कळतं. किती वर्षं झाली?"

मला वाटलं, लग्नाला विचारतायत. "चाळीस होतील आता."

"चाळीस वर्षं! एकट्यानं!"

आता मला खुलासा करायला हवा होता, कबूल आहे. पण इतक्या मायेनं माझा हात आजवर कुणी धरला नव्हता! "होतं कसंबसं," मी म्हणालो.

"अहो!" मागून आवाज आला. तोच आवाज! पडद्यावरचा! "सांगत का नाही त्यांना, मी चांगली धडधाकट आहे ते!"

गृहस्थांच्या हातातला कप खाली पडला. ते पांढरेफटक पडले. हिनं चटकन त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मला चार गोष्टी सुनावल्या. गृहस्थ एकटक ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "बाई, रागावणार नसाल तर एक विचारू? जरा मलाही रागवाल का? आमच्या घरी रागवणारं माणूस जाऊन बराच काळ झाला."

हिनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि सुरू झाली! स्वेटर उलटा काय घातलाय, या वयात एवढी साखर कशाला, रिकाम्या पोटी चहा कसला पिता, वेळेवर जेवता तरी का! ते गृहस्थ लहान मुलासारखी मान डोलवत होते, "हो... चुकलंच... उद्यापासून..." आणि चेहऱ्यावर असं समाधान, की काय सांगू!

मी बाजूला दोन कप घेऊन उभा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाटणीची बोलणी दुसरं कुणीतरी खात होतं. खरं तर सुटलो म्हणायला हवं होतं. पण मंडळी, तुमच्यापासून काय लपवायचं? मी जरा जळलोच!